कुठंतरी घासतंय

३ जानेवारी

आज सकाळी मी प्रकल्पग्रस्त झालो.

अंगणाच्या ज्या कोपऱ्यात थंडीतलं पहिलं ऊन पडतं, तिथं माझी वेताची खुर्ची असते, खुर्चीत मी असतो आणि माझ्या हातात चहा असतो. या तीन गोष्टींवर माझं आयुष्य बऱ्यापैकी उभं आहे. आज त्या कोपऱ्यात दुधी रंगाची एक जुनी फियाट उभी आहे आणि माझी खुर्ची तुळशीमागे, गारठ्यात. ना नोटीस, ना मोबदला, ना घरटी एकाला नोकरी. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा लोकांना निदान कागद तरी दाखवले होते, असं मी शर्मिलाला म्हणालो.

"काढा मोर्चा," ती म्हणाली. "येताना दूध आणा."

अन्यायग्रस्त नवऱ्याला घरातून असा पाठिंबा असतो. ती शिक्षिका आहे, तिला तक्रारी ऐकण्याचा पगार शाळेत मिळतो, घरी नाही.

गाडी सासऱ्यांची. श्रीपतमामा मूळ पोलादपूरजवळच्या कापडे गावचे, पण उमेदीची सगळी वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली. टॅक्सीचं वय झालं म्हणून ती मोडीत निघाली. मामांचं झालेलं नव्हतं, म्हणून गावी परतताना त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाची खाजगी फियाट विकत आणली. ती कापड्याला गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली असते. गाईपेक्षा तिची बडदास्त जास्त.

आता माझे मेहुणे सुशांत. ते नवी मुंबईत लग्नाचे इव्हेंट करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नात मुलीच्या बापासारखे धावतात आणि वर पैसे घेतात. हल्ली नवरानवरीला जुन्या गाडीत बसून फोटो हवे असतात. तीही साधी जुनी नाही. रुंद चकाकती चाकं आणि जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. सुशांतने बापाला विचारलं, "बाबा, गाडी देता?" मामा म्हणाले, "ने." विषय संपला. वीस फेब्रुवारीला पनवेलच्या लग्नात पहिली ऑर्डर आहे. रुंद चाकं, आखूड स्प्रिंगा आणि नवे शॉकअप एवढं सगळं खोक्यातून माझ्या पत्त्यावर आलं आहे. कारण कुटुंबात इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारा आणि तरीही रिकामा असा मी एकटाच. मी लग्नपत्रिका छापतो आणि साप्ताहिकात लोकांना चिमटे काढतो. दोन्ही धंद्यांचा गाडीशी संबंध नाही.

६ जानेवारी

रितेश आला. त्याचं गॅरेज बिरवाडीत. कारखान्यातल्या पोरांच्या बाइकचा आवाज वाढवून देणं हा त्याचा मुख्य व्यवसाय. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "शेठ, काय नाय. काढायचं आणि घालायचं. संध्याकाळी तुमी चालवताय."

दुपारपर्यंत स्प्रिंगा आणि चाकं बसली. गाडी खरोखर रुबाबदार दिसू लागली, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. मग रितेशने स्टिअरिंग पूर्ण वळवलं.

कर्र.

खाली वाकून पाहिलं. चाक गाडीला ज्या लोखंडी हाताने जोडलेलं असतं, त्याला आर्म म्हणतात. नवं टायर इतकं रुंद की वळताना त्याची आतली कड त्या आर्मला घासते.

"स्पेसर टाकू," रितेश म्हणाला. स्पेसर म्हणजे चाकाच्या मागे घालायची जाड चकती. चाक बाहेर सरकतं, आत जागा होते. हा न्याय मला परिचयाचा आहे. मीही तसाच सरकलोय, तुळशीमागे.

एवढ्यात मामा आले. कापड्याहून पोलादपूर, तिथून वडापच्या जीपने महाड. आल्या आल्या त्यांनी माझी खुर्ची उचलली, गाडीच्या बंपरला लावून उन्हात ठेवली आणि तीत बसले. विस्थापितांच्या जागेवर पुनर्वसन कोणाचं होतं, याचं हे उत्तम उदाहरण.

"जावय," ते म्हणाले, "घासतंय."

"तेच बघतोय मामा."

"मला बसूनच कळलं." आणि त्यांनी उजवा अंगठा टायरकडे उगारला. त्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं आहे. कधीकाळी जॅक निसटला होता. मामा बोटाने काही दाखवत नाहीत, त्या अंगठ्यानेच दाखवतात, त्यामुळे साधं टायर दाखवलं तरी आरोप केल्यासारखं वाटतं.

११ जानेवारी

स्पेसर बसले. आर्म मोकळा झाला. आता बाहेर सरकलेलं टायर खड्ड्यात गाडी दबली की मडगार्डच्या कडेला लागतं.

या क्षेत्रातला माझा पहिला शोध: जागा निर्माण करता येत नाही, फक्त इकडची तिकडे ढकलता येते. आमच्या गल्लीत गणपतीत मुंबईच्या गाड्या लागतात, तेव्हा हाच नियम चालतो. भांडणंही त्याच मापाची.

प्रश्न असा की नेमकं किती आणि कुठं लागतंय, हे चालत्या गाडीत बघणार कोण? मडगार्डखाली मी डोकं घालावं, अशी एक सूचना आली होती. रितेशने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक गोरा मडगार्डच्या आत मातीचा गोळा चिकटवतो, गाडी फिरवून आणतो आणि गोळा किती चेपला ते बघतो. तसली माती महाडात कुठे मिळणार? आत शर्मिला भाकऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळत होती. मी मूठभर उचलली. बेतास मऊ, बेतास चिकट. कोकणातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मोटार उद्योगाला लागणारा माल बनवत आल्या आहेत आणि आम्ही तो कालवणाशी खात आलो आहोत.

आता गाडी चालवायची कोणी? माझ्याकडे स्कूटरचं लायसन्स. रितेश पुढे झाला, तर मामा खुर्चीतून उठले. "ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय."

"तुम्ही शेजारी बसा की आजोबा," रितेश म्हणाला.

"मागं गिऱ्हाईक बसतं. शेजारी गिऱ्हाइकाचा पावना बसतो. मी कोन?"

मामा गाडीत स्टिअरिंगमागे सोडून दुसरीकडे बसलेले कोणी पाहिलेलं नाही म्हणतात. शेवटी त्यांनीच कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून गाडी नेऊन आणली. उकडीवर टायरची नक्षी सुबक उमटली होती, जणू साच्यातली करंजी. रितेशने मडगार्डची कड लाकडी ठोकळा धरून आत दुमडली. शेजारच्या आवडीकाकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "भांडी ठोकून घेताय का? माझा पण एक टोप हाय."

१७ जानेवारी

मागच्या बाजूला शॉकअपच्या बोल्टचं टोक रिमच्या आतल्या अंगाला टेकत होतं. दोन दिवस आम्ही स्पेसर वाढवू, बोल्ट कापू, नवा शॉकअप मागवू, अशा चर्चा केल्या. शेवटी बोल्ट उलटा घातला. टोक आत गेलं, बोडकं डोकं चाकाकडे आलं, बोटभर जागा झाली. देशातले अनेक प्रश्न असे उलटे करून बघावेत, असा लेख मनात आला, पण साप्ताहिकाच्या संपादकांना देशातले प्रश्न सुलट अवस्थेतही चालत नाहीत.

मामांनी गाडी फिरवून आणली. चारही मडगार्डांतली उकड जशीच्या तशी. कुठे ओरखडा नाही. रितेशने मला टाळी दिली. मी टाळी दिली-घेतली, म्हणजे मी किती बुडालोय ते बघा. माझी नखं काळी झाली आहेत. काल एका पत्रिकेवर मी वधूपित्याच्या नावाआधी 'श्री.'ऐवजी 'शॉ.' छापणार होतो.

मामा मात्र चाकाशी वाकून उभे. कान लावून. मग सरळ होत म्हणाले, "कुठंतरी घासतंय."

"कुठं?"

"कुठंतरी. मला आयकू येतंय."

मी कान लावला. रितेशने लावला. शर्मिला शाळेतून आली, तिलाही लावायला लावला. काही नाही. टॅक्सी चालवून चालवून माणसाचा कान तयार होतो असं म्हणतात. माझा अनुभव असा की सासऱ्यांचा कान जावयाच्या बाबतीत उपजतच तयार असतो.

२१ जानेवारी

मामा आता जवळजवळ रोज येतात. आल्यावर चहा, चहानंतर 'टेस्ट'. टेस्टला खाकी शर्ट घालतात. का, तर म्हणे तेलाचे डाग पडतात. शर्टाला इस्त्री असते.

कोपऱ्यावरचा गतिरोधक त्यांना आता पटत नाही. "ह्यो गुळगुळीत हाय. पोलादपूरचे खरे." म्हणून टेस्ट पोलादपूरपर्यंत. परवा पोलादपूरही कमी पडलं, मग कापड्याच्या फाट्यापर्यंत. गाडी इतकी बुटकी की वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट टेकतं, त्यामुळे मामा तिला तिरपी करून एकेक चाक उतरवतात, जशी म्हातारी माणसं पायरी उतरतात. परत येतात ते ताजेतवाने, आणि बातमी तीच. घासतंय.

गाडी थांबली की वाकून उकड काढण्याचा मान त्यांचाच. गुडघे दुखतात म्हणून तक्रार करणारा माणूस चाकाशी सगळ्यांआधी कसा पोचतो, हे मला कळलेलं नाही.

रोजच्या उकडीने घरातलं तांदळाचं पीठ संपलं. शर्मिलाने आवडीकाकूंकडून एक वाटी उसनं आणलं. काकू मला म्हणाल्या, "भरतभाऊ, गाडीला भाकरी पचते का?"

२४ जानेवारी

पुरावा मिळाला. मी हरलो, मामा जिंकले.

आज मामांनी मागच्या डाव्या चाकाची उकड काढून माझ्या हातावर ठेवली. "बघ." तीत एक खोल खळगा. टायरची नक्षी मात्र नाही. गुळगुळीत, लांबट, आणि मधोमध एक उभी बारीक रेघ.

रितेशने बराच वेळ निरखून निदान केलं, "शेठ, हे टायरचं नाय. हे कायतरी मधलंच हाय. स्प्रिंगच्या पाट्याचं टोक असणार, त्याला चीर गेलीय." मग आम्ही चाक काढलं, पाटे तपासले. चीर कुठेच नाही. मग रितेश म्हणाला की गाडीत वजन पडल्यावरच लागत असेल. मामांनी लगेच उद्या दोन गोणी भात आणायचं कबूल केलं. माझं मत असं की एखादा दगड उडाला असावा. रेघवाला दगड. शास्त्रात अशी शक्यता धरावी लागते.

सुशांतला फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, सहा तारखेपर्यंत करा काहीतरी. मी सातला गाडी न्यायला टेम्पो घेऊन येतोय. नवरीकडच्यांनी फोटो बघून पसंत केलीय."

मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आणि त्यांनी फडक्याने आरसा पुसला. स्वच्छच होता.

२९ जानेवारी

गोण्या ठेवल्या, काढल्या. खळगा रोज. कधी पुढच्या चाकाला, कधी मागच्या. रितेशने स्पेसर बदलले, पाट्यांखाली पट्टी घातली, रबरं बदलली. ही गाडी आपल्यावर सूड घेतेय, असं त्याचं मत झालं आहे. मला आता झोपेतही गॅप दिसतात. पंक्तीत बसलो तर शेजारच्याचं कोपर आणि माझी वाटी यांतलं अंतर मोजतो.

आज टेस्टहून परतताना मामा जानकीमामींना घेऊन आले. सासूबाई मागच्या सीटवर, एकट्या, मांडीवर पिशवी, खिडकीची काच खाली. उतरताना शर्मिलाने हात दिला, तर म्हणाल्या, "र्‍हा गो, येतंय मला. टॅक्सीवाल्याची बायको हाय मी. पन मुंबईत ह्यांच्या गाडीत बसायला मिळालं नाय. येळच नसायचा, कायम भाडं."

मामा म्हणाले, "आज बी भाडंच हाय. ही काय फुकट बसली नाय. वाटेत दोन भजी दिली."

नंतर चहा पिताना सासूबाई माझ्याकडे वळून अचानक म्हणाल्या, "एक भाडं नाकारलं नाय जल्मात, ह्याचा ह्यांना लय माज हाय. रात्री-बेरात्री कोनी हात केला तर थांबले. माज चांगला. पन पोराच्या हाताला बी थांबायचं?"

मी म्हणालो, "हो ना मामी, हल्लीच्या टॅक्सीवाल्यांना ही शिस्त नाही."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बशीतला चहा संपवला. सासरच्या माणसांना माझ्या विनोदबुद्धीची सवय व्हायची आहे अजून.

३ फेब्रुवारी

आज टेस्ट झाली नाही, रितेश आला नव्हता. मामा तरीही आले. गाडीत नुसतेच बसून राहिले. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "इंजान गरम करतोय." इंजिन बंद होतं.

दुपारी जेवायला बसलो. शर्मिलाने तव्यावरची भाकरी आधी मामांच्या ताटात टाकली. गरम, मऊ, टम्म फुगलेली. मामांनी वाफ जायला ती अंगठ्याने मधोमध दाबली. गुळगुळीत, लांबट खळगा पडला. मधोमध एक उभी बारीक रेघ.

मी त्या भाकरीकडे बघत राहिलो.

"काय झालं जावय? मीठ पायजे का?"

"नाही मामा," मी म्हणालो. "मामा, कालची उकड... बरीच दाबली होती, नाही?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घासतंय ना. मी म्हंतोय कदीपासून."

मी जेवलो. भाजी चांगली होती.

शर्मिलाला काही सांगितलं नाही. मी लोकांना चिमटे काढणारा माणूस, समोरच्याचा खोटेपणा मला तीन कॉलमांवरून दिसतो. आणि दहा दिवस मी त्या अंगठ्याची चीर स्प्रिंगच्या पाट्यात शोधत होतो.

५ फेब्रुवारी

सुशांतला काय सांगायचं? "तुझ्या बापाला गाडी द्यायची नाही" असं म्हटलं, तर मामा म्हणतील, "कोन म्हंतो? ने." आणि तो नेईल. मामांनी एकदा 'ने' म्हटलंय. गिऱ्हाईक दार उघडून आत बसल्यावर, नाही म्हणायची सोय त्यांच्या धंद्यात नव्हती.

आणि सुशांतचंही चूक नाही. त्याने विचारलं होतं.

७ फेब्रुवारी

सुशांत आला. मागे गाडी चढवायचा टेम्पो, ड्रायव्हरसकट, गल्ली अडवून उभा. आवडीकाकूंच्या भिंतीवर प्रेक्षक.

"झालं का भाऊजी?"

रितेशने सांगून टाकलं, "शेठ, आमच्या परीने सगळं केलं. पन आजोबांना अजून ऐकू येतं."

सुशांत हसला. "चला, माझ्यासमोर टेस्ट करा. बसतं की नाही, एकदाचं कळू दे."

शर्मिलाने उकड दिली. मी चारही मडगार्डांत आतून लावली. मामा स्टिअरिंगला बसले. आज खाकी शर्ट नव्हता. सुशांत मागच्या सीटवर बसला, मोबाईल काढला, मग का कोण जाणे परत खिशात ठेवला. कोपऱ्यावरच्या गुळगुळीत गतिरोधकावरून गाडी गेली आणि आली. पोलादपूर नाही, काही नाही.

गाडी थांबली. मी वाट बघितली. पण मामा आज वाकायला आले नाहीत. ते उतरले आणि गाडीकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून, टेम्पोकडे बघत उभे राहिले. गिऱ्हाइकाचं सामान चढेपर्यंत टॅक्सीवाला उभा राहतो तसे.

म्हणून मी वाकलो. मागच्या डाव्या मडगार्डमध्ये हात घातला. उकड कोरी होती. पुढची कोरी, उजवीकडची कोरी. आमचं काम बिनचूक झालं होतं. सव्वा महिन्याची मेहनत, बोटभर मोकळी जागा, कुठेही काही कशाला लागत नव्हतं. मला जरा अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो, कारण त्याचा पुढे उपयोग झाला नाही.

मी अंगठा उकडीत दाबला. चांगला खोल.

"बघ सुशांत," मी म्हणालो, "घासतंय."

सुशांतने उकड हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, मग बापाच्या पाठीकडे. खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. "भाऊजी, हात पुसा. पीठ लागलंय." मी पुसला.

मग तो मोठ्याने म्हणाला, "बाबा, ही नाय जमायची. भर लग्नात टायर फाटला तर माझी अब्रू जाईल. मी दुसरी गाडी बघतो."

मामा वळले. "पन मी ने म्हनलोय."

"तुम्ही म्हणालात. गाडी नाय म्हणतेय, त्याला तुम्ही काय करणार? तिची चाकं घालून द्या तिला परत. आणि आईला जरा फिरवा."

पोरगा इतका सहज फसला, याचं मला आश्चर्य वाटलं. धंद्यात कसा टिकणार, कोण जाणे.

टेम्पो रिकामाच गेला. मामांनी माझ्या हातातली उकड घेतली. त्या खळग्यावर आपला चिरलेला अंगठा ठेवून बघितला. माझा अंगठा रुंद आहे, त्यांचा नीट बसला नाही.

"जावय," ते म्हणाले, "ह्या बारीला लयच घासलंय."

"हो मामा," मी म्हणालो. "मलापण आयकू आलं."

११ फेब्रुवारी

जुनी चाकं बसली, जुन्या स्प्रिंगा बसल्या, बोल्ट सुलटा झाला. मडगार्डची दुमडलेली कड तेवढी तशीच राहिली. एवढं खपून आम्ही गाडी यशस्वीपणे पूर्वीसारखी केली. रितेश म्हणतो, असं काम त्याने आजवर केलं नव्हतं. माझा त्यावर विश्वास आहे.

सकाळी मामा गाडी घेऊन कापड्याला गेले. मामी मागे बसल्या. कोपऱ्यावर वळताना मामांनी हात बाहेर काढून खालीवर केला, जुन्या टॅक्सीवाल्यांसारखा. मागे कोणीच नव्हतं.

खुर्ची परत कोपऱ्यात ठेवली. ऊन डोळ्यांवर येतं. आधी येत होतं की नाही, आठवत नाही. चहा संपवून लगेच उठलो.

शर्मिला शाळेत होती. गिरणीतून आणलेल्या नव्या पिठाच्या डब्यातून आवडीकाकूंची स्टीलची वाटी भरली, शिगोशीग. काकू पाण्याला गेल्या होत्या. वाटी त्यांच्या ओट्यावर ठेवली. पीठ सारखं करायला अंगठा पुढे गेला, तो मागे घेतला. वाटी नुसतीच हलवून सारखी केली, वर ताटली झाकली आणि आलो.